जंगलात जाताना अंगाला काय फासायचं: करंजाचं तेल, सिट्रोनेला की डीट

पहिला पाऊस पडला की आमच्या ट्रेकच्या गाडीत तोच वाद. कोणीतरी नवीन पोरगं विचारतं की डासांसाठी काय आणायला हवं होतं, लगेच मागच्या सीटवरून एकजण म्हणतो ओडोमॉस लाव, विषय संपव, मग एक ताई असतात ज्यांच्या लेखी केमिकल म्हणजे विषच, त्या पर्समधून सिट्रोनेला नावाच्या सुगंधी गवताच्या तेलाची बाटली काढतात, ड्रायव्हरकाका म्हणतात खिशात तंबाखूची पुडी ठेव काय होत नाही, आणि खेड शिवापूरचा टोलनाका गेला तरी त्या पोराला कळलेलं नसतं की नेमकं करायचं काय. मी बारा-तेरा वर्षं सह्याद्रीत फिरतेय, माहेर सावंतवाडीकडचं, म्हणजे आजीचं करंजाचं तेल पण लावून झालंय आणि डीट नावाच्या केमिकलचा स्प्रे मारून घड्याळाचा पट्टा चिकट करून घेणं पण झालंय. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

माझं म्हणणं एवढंच आहे की नैसर्गिक का केमिकल हे नंतर ठरवा, आधी दोन गोष्टी बघा. चावणार कोण आहे, आणि तुम्ही तिथे किती तास असणार. पवना लेकला संध्याकाळी दोन तास बसून भजी खायची आहेत तर आजीचं तेल चालेल. दोडामार्गाच्या जंगलात एप्रिलमध्ये जायचंय तर नाही चालणार, आणि तिथे उगाच निसर्गप्रेम दाखवायला जाऊ नका.

चावणारे कोण कोण

डास सगळे एकसारखे नसतात हे आधी डोक्यात घ्या. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर दोन तास आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी त्याचा जोर जास्त, त्यामुळे टेंटमध्ये झोपताना क्रीम लावलं पण सकाळी चहा घेत बसलो तेव्हा काहीच नाही, असं केलं तर उपयोग शून्य. मलेरियाचा ॲनोफिलीस रात्रीचा, गडचिरोलीकडे जाणार असाल तर मच्छरदाणी ही चैन नाही, गरज आहे. क्युलेक्स पण रात्रीचाच, तो कानाशी गुणगुण करून झोप मोडणारा.

मग समुद्रावरची ती बारीक चिलटं, कोकणात गोव्यात संध्याकाळी वाळूत बसलं की घोट्यांना चावतात, दिसत नाहीत आणि दोन दिवस खाजतं. गवतातले चिगर म्हणजे माइट्सची पिल्लं, ती तर डोळ्यांना दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल. गोचीड. जळवा. आणि आग्या मोहोळाच्या माश्या, पण त्यांच्यावर कुठलंच रिपेलंट (म्हणजे किडे लांब ठेवणारं औषध) चालत नाही, ते पुढे सांगते.

केमिकलवाले

सगळ्यात जुना आणि सगळ्यात तपासलेला म्हणजे डीट. अमेरिकन सैन्यासाठी १९४६ मध्ये शोधला, १९५७ पासून सामान्य लोकांना मिळायला लागला. म्हणजे आपल्या आईवडिलांच्या वयाचा आहे. लोकांना वाटतं डीट डासाला मारतो, तर मारत नाही, डासाला आपला वास नीट ओळखू येत नाही आणि लावलेल्या कातडीवर पाय टेकले तर त्याला ते आवडत नाही, एवढंच. म्हणून जिथे लावायचं राहिलं तिथे डास बरोब्बर येऊन बसतो. माझं नेहमी कानाच्या मागे राहायचं, आणि तिथेच दोन गांधी.

त्यात टक्केवारीचा घोळ फार असतो. जास्त टक्के म्हणजे जास्त स्ट्राँग असं नाही, जास्त टक्के म्हणजे जास्त वेळ. आणि साधारण ५० टक्क्यांच्या पुढे तो वेळ पण फारसा वाढत नाही, नुसतं अंग चिकट होतं. २० ते ३० टक्के असलं की ट्रेकला भरपूर झालं. २००२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक चाचणी आली होती, माणसांचे हात डासांच्या पिंजऱ्यात घालून मोजलेली, त्यात साधारण २४ टक्के डीटने सरासरी ५ तास डास लांब ठेवले आणि सिट्रोनेलाची प्रॉडक्ट २० मिनिटं पण टिकली नाहीत. ते हातात बांधायचे रिपेलंटचे बँड येतात ना रंगीत, त्यांचा निकाल जवळजवळ शून्य. मनगटावर बँड आणि डास कोपरावर.

आपल्याकडे घरोघरी असतं ते ओडोमॉस. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात वाचा, एन-एन-डायएथिल-बेन्झामाइड १२ टक्के लिहिलेलं असेल, म्हणजे डीटच नव्हे पण त्याच घराण्यातला चुलतभाऊ. घरी, गार्डनमध्ये, होमस्टेच्या ओसरीवर मस्त काम करतं. पण डब्यावर कितीही तास लिहिलेले असोत, चढणीवर घामाने आंघोळ झालेली असताना मी दोन-तीन तासांनी परत लावतेच, मग ते कुठल्याही कंपनीचं असो.

पिकारिडिन म्हणून एक आहे, बायरने १९८० च्या दशकात काढलेला, २० टक्क्यांचा मिळाला तर डीटच्या तोडीस तोड चालतो, वास जवळजवळ नाही आणि प्लास्टिक खराब करत नाही. आपल्याकडे दुकानात सहज दिसत नाही, परदेशातून कोणी येणार असेल तर मागवा, चॉकलेटं मागवण्यापेक्षा हे बरं.

प्लास्टिकवरून आठवलं. डीट प्लास्टिक, रेक्झिन, रेयॉन, स्पँडेक्स असल्या गोष्टी खातो. मी एकदा हरिश्चंद्रगडावर तळहातावर स्प्रे घेऊन मानेला चोळला आणि त्याच हाताने गॉगल डोक्यावर सरकवला, संध्याकाळी बघते तर फ्रेमवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलेला, चक्क रेघांसकट. घड्याळाच्या पट्ट्याचं तेच, वर चिकट थर आला आणि त्याला सगळी धूळ बसली. त्यामुळे डीट लावला की तळहाताची आतली बाजू मातीने नाहीतर ओल्या टिश्यूने पुसायची आणि मगच मोबाईल, कॅमेरा, गॉगल. कॉटन आणि नायलॉनला काही होत नाही.

आता परमेथ्रिन. हा अंगाला लावायचा नाही, कपड्याला लावायचा. शेवंतीच्या जातीतल्या एका फुलात पायरेथ्रम म्हणून नैसर्गिक कीटकनाशक असतं, त्याची नक्कल करून कारखान्यात बनवलेला. (नैसर्गिकवाल्या ताईंना हे सांगितलं की त्या दोन मिनिटं गप्प होतात.) ०.५ टक्क्याचा स्प्रे खास कपड्यांसाठी मिळतो, तो पँट, मोजे, बूट यांच्यावर बाहेर अंगणात मारायचा, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग घालायचं, पाच-सहा धुण्यांपर्यंत टिकतं. गोचीड आणि चिगरसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही, हा खरोखर मारतो. पण घरात मांजर असेल तर ओला कपडा तिच्या जवळपास सुद्धा नको, मांजरांना परमेथ्रिन भयंकर बाधतं. आणि माशांना पण. ते कपडे ओढ्यात धुवायचे नाहीत म्हणजे नाहीत. आंबोलीच्या हिरण्यकेशीत एक छोटासा मासा सापडलाय, शिस्तुरा हिरण्यकेशी, देवळाजवळच्या त्या पाण्यातला, २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. तिथे जाऊन आपण फवारलेली पँट खळबळायची, म्हणजे काय बोलायचं. गडावरच्या टाक्यांचं पण तसंच, स्प्रे लावलेले हात टाक्यात बुडवून पाणी भरायचं नाही, बाटलीने काढायचं, तेच पाणी मागून येणारे पिणार असतात.

नैसर्गिकवाले

नैसर्गिक म्हणजे बिनकामाचं असं मी म्हणत नाहीये. आमच्या आजीकडे करंजाच्या तेलाची बाटली असायची, तांबूस काळपट, वास असा की नाक मुरडावं. भातलावणीला जाताना बायका गुडघ्यापर्यंत फासून जायच्या, मी नको म्हटलं की आजी ओरडायची, पायांक लाव गो, मगे रडशीत. त्या तेलाने चिखलात काम करताना त्रास कमी व्हायचा हे मी डोळ्यांनी बघितलंय, थोडा वासाचा भाग आणि थोडा तेलाच्या जाड थराचा. पण त्या बायका दुपारी जेवायला घरी आल्या की परत लावायच्या, हे आपण विसरतो.

कडुनिंबाचं पण तसंच. खोबरेल तेलात २ टक्के नीम तेल घालून भारतात चाचण्या झाल्यात १९९० च्या दशकात, ॲनोफिलीसवर निकाल छान आले होते. दिवसा चावणाऱ्या एडिसवर तेवढा भरवसा नाही. म्हणून नीम तेल लावून डेंग्यूच्या सीझनमध्ये निर्धास्त फिरणं मला पटत नाही.

सिट्रोनेला आणि गवती चहा हे भाऊबंद आहेत पण एक नव्हेत, आणि दोघांचाही प्रॉब्लेम एकच, तेल उडून जातं. लावल्यावर पहिली वीस मिनिटं छान वास, डास गायब, मग वास आपल्याला येत राहतो आणि डास परत. निलगिरीचं जरा वेगळं आहे, लेमन युकॅलिप्टसच्या तेलावर प्रक्रिया करून पीएमडी म्हणून जो भाग काढतात तो चांगला तीन-चार तास चालतो, कमी टक्क्याच्या डीटच्या जवळ जातो. पण आयुर्वेदिकवाल्याकडे सर्दीसाठी मिळणारी निलगिरीची बाटली म्हणजे ते नाही. नावाला भुलू नका, लेबलवर पीएमडी लिहिलंय का बघा. आणि ३ वर्षांखालच्या मुलांना ते लावायचं नाही.

घरी करायचं असेल तर माझं प्रमाण सांगते. १०० मिली खोबरेल, त्यात दोन छोटे चमचे नीम किंवा करंज तेल, आणि सिट्रोनेलाचे जास्तीत जास्त ४० थेंब. बस. त्याच्या वर जाऊ नका कारण ही अत्तरासारखी कडक तेलं असतात, नुसती अंगावर घेतली तर भाजल्यासारखं होतं, आमच्यातल्या एकीने राजमाचीला जाताना बाटलीतून थेट मानेवर ओतलं आणि उधेवाडीत पोचेपर्यंत मान लालबुंद, वर सॅकचा पट्टा घासतोय, बिचारीने अख्खा ट्रेक सॅक पोटावर घेऊन केला. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला या मिश्रणाचा एक थेंब लावून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी खाज नाही आली तर बाकीच्या अंगाला. हे तेल दर अर्ध्या-पाऊण तासाने परत लावायचं, म्हणून बाटली सॅकच्या तळाशी नको, बाजूच्या खिशात. डिसेंबर-जानेवारीत गडावर पहाटे खोबरेल थिजतं, बाटलीतून काही बाहेर येत नाही, तेव्हा तिळाचं तेल वापरा.

लिंबू अंगाला चोळायचं नाही. हा उपाय फार फिरतो. लिंबाचा रस कातडीवर आणि वर ऊन पडलं की काळेजर्द डाग पडतात, कधी फोडच येतात, आणि डाग महिनोन्महिने जात नाहीत. कापूर खोबरेलात घालून लावतात लोक, थोडासा असेल तर ठीक, पण लहान मुलं बरोबर असतील तर कापराच्या वड्या सॅकमध्ये उघड्या ठेवू नका, पोटात गेला तर झटके येतात, ती गंमत नाही.

लसूण खाऊन जा, बी व्हिटॅमिनच्या गोळ्या खा, मोबाईलमध्ये आवाजाचं ॲप टाका, या तिन्हीने काही होत नाही. लसूण खाल्ल्याने डास नाही, पण टेंटमधला दुसरा माणूस लांब झोपतो.

धुराचं मात्र मला खरंच पटतं. संध्याकाळी गावात गोवरी पेटवून वर ओला कडुनिंबाचा पाला किंवा निरगुडीची डहाळी टाकतात, तो धूर अंगणात पसरला की डास पांगतात, घोंगडीला पण वास लागून राहतो. पण हे उघड्यावर आणि गावातल्या माणसाच्या देखरेखीत, जंगलात आपण होऊन आग पेटवायची नाही, उन्हाळ्यात तर अजिबातच नाही.

आणि कॉइल टेंटमध्ये पेटवायची नाही. हे मी ओरडून सांगतेय. २००३ मधल्या एका अभ्यासात मोजलं होतं की एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून ७५ ते १३७ सिगरेटी इतके बारीक कण बाहेर पडतात, आणि तुम्ही ते चेन लावलेल्या दोन माणसांच्या टेंटमध्ये. वर नायलॉनचं कापड, स्लीपिंग बॅग, आग लागायला एक लाथ पुरे. पेटवायचीच असेल तर टेंटच्या बाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. स्वस्तातल्या डास पळवायच्या अगरबत्त्या मिळतात रस्त्यावर, पाकिटावर नैसर्गिक लिहिलेलं असतं, पण रजिस्ट्रेशन नंबर नसतो. आपल्याकडे कीटकनाशकाला सरकारी नोंदणी लागते आणि तो नंबर पाकिटावर छापावा लागतो. नंबर नसेल तर आत काय आहे देव जाणे, ते नैसर्गिक पण नसेल आणि तपासलेलं पण नसेल.

लावायचं कसं

सनस्क्रीन आधी, ते मुरायला पंधरा-वीस मिनिटं द्या, मग रिपेलंट. उलट नको. दोन्ही एकत्र असलेलं लोशन घेऊ नका, कारण सनस्क्रीन दर दोन तासांनी लागतं आणि रिपेलंट तेवढं लागत नाही, उगाच डीटचा मारा होतो. चेहऱ्यावर स्प्रे मारायचा नाही, हातावर घेऊन कपाळ, गाल, कानामागे, मानेला लावायचं, डोळे आणि ओठ सोडून. कपड्याच्या आत लावायचं नाही. जखमेवर, खरचटलेल्या जागी नाही. जेवणाआधी हात धुवायचे, आणि ठेपले खाताना कळतं की धुतले नव्हते, जीभ कडूजार होते, मी केलंय ते. रात्री टेंटमध्ये जाळी नीट असेल तर झोपताना पुसून टाका, रात्रभर अंगावर कशाला ठेवायचं.

मुलांचं विचारतात बरेच जण. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा की २ महिन्यांखालच्या बाळाला डीट अजिबात नाही, आणि मोठ्या मुलांना ३० टक्क्यांच्या वरचा नाही. मी तर म्हणते तान्ह्या बाळाला घेऊन जाताय तर कॅरिअरवर मच्छरदाणी टाका आणि विषय सोडा. मुलांच्या हातांना लावू नका, ते थेट तोंडात जातात. लावायचं काम आईबापाने करायचं, पोराच्या हातात बाटली द्यायची नाही.

कपडे मात्र सगळ्यात स्वस्त रिपेलंट. फुल बाह्या, फुल पँट, पँट मोज्यात खोचलेली. दिसायला बावळट दिसतं, दिसू दे. गडद निळे-काळे कपडे टाळा, डासांना गडद रंग आवडतो, आणि फिक्या पँटवर गोचीड चढताना दिसते हा दुसरा फायदा. लेगिंगवाल्यांनी लक्षात ठेवा, घट्ट पातळ कापडातून डास आरामात चावतो.

आणि पंखा. होमस्टेच्या ओसरीवर बसलाय तर टेबलफॅन पायाकडे लावा. डास हा फार कमकुवत उडणारा किडा आहे, वाऱ्यापुढे टिकत नाही. कोकणातल्या त्या चिलटांसाठी तर हाच उपाय, क्रीमच्या आधी.

जळवा

जळू किडा नाही, पण पावसाळ्यात सगळ्यात जास्त प्रश्न हिच्याबद्दलच येतात. आंबोली, कोयनेचं जंगल, वासोट्याची वाट, चांदोली, इथे हमखास. डीट लावला तरी ओल्या गवतातून पाच मिनिटं चाललं की धुऊन जातो, त्यामुळे इथे केमिकलवाले आणि नैसर्गिकवाले दोघेही सारखेच हरतात आणि जिंकतो तो शिंपी. मांजरपाटाचं कापड घ्या, गुडघ्यापर्यंत येतील असे पिशवीसारखे मोजे शिवून घ्या, वर नाडी, पँटच्या बाहेरून बांधायचे, बूट त्याच्यावर. जाळीदार लोकरी मोज्यातून जळू आत सरकते, मांजरपाटातून नाही.

दुसरं म्हणजे मिठाची पुरचुंडी. जुन्या धोतराच्या तुकड्यात मूठभर जाडं मीठ बांधायचं, काठीच्या टोकाला गाठ मारायची, ओली करायची. बुटावर जळू चढली की टेकवायची, लगेच गळून पडते. वाकायला लागत नाही, चालता चालता काम होतं, आणि पुढच्या माणसाच्या पण पाठच्या पोटऱ्या बघता येतात. तंबाखूचं पाणी मोज्यांना लावतात, ते चालतं, पण ओल्या कातडीतून निकोटिन आत जातं, एकाला त्याने मळमळ सुटली होती आणि तो बिचारा जळूला घाबरून उलट्या करतोय असं सगळ्यांना वाटलं. बुटाच्या बाहेरून लावा फार तर.

चिकटलेली जळू ओढायची नाही, लायटर लावायचा नाही, तिच्या बारीक टोकाखाली नख सरकवायचं, मग दुसरं जाड टोक, आणि टिचकी. रक्त तासभर, कधी त्याहून जास्त वाहत राहील कारण ती रक्त गोठू न देणारं हिरुडिन सोडते. घाबरू नका, दाबून धरा, धुवा, पट्टी बांधा.

गोचीड आणि गवत

इथे मी हसत नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गात २०१६ पासून माकडताप आहे, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला म्हणून ते नाव. गोव्यात सत्तरी तालुक्यात पण आहे. गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि डिसेंबर ते मे हा त्याचा सीझन, म्हणजे बरोब्बर काजूचा सीझन, लोक बागेत खाली वाकून पालापाचोळ्यात काजू वेचत असतात. आमच्याकडचे लोक त्या दिवसांत जंगलात जाताना तेलात भिजून जातात. डीईपीए म्हणून एक रिपेलंट आहे, ग्वाल्हेरच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने बनवलेला, कर्नाटकात आरोग्य खातं त्याचं तेल जंगलालगतच्या लोकांना वाटतं. तुम्ही तिकडे फिरायला जाणार असाल तर अंगाला डीट किंवा डीईपीए, कपड्यांना परमेथ्रिन, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्रात कळवायचं.

गोचीड चिकटली तर बारीक टोकाचा चिमटा, कातडीच्या अगदी लगत पकडायचं, सरळ वर हळू ओढायचं, पिळायचं नाही. रॉकेल, मेण, पेटती काडी, नेलपॉलिश यातलं काहीही नको, ती घाबरून पोटातलं सगळं तुमच्या अंगात ओकते. काखा, जांघ, गुडघ्याची मागची बाजू, बेंबी, केसांच्या कडा, मुलींनी ब्राच्या पट्ट्याखाली, हे सगळं संध्याकाळी एकमेकींचं बघायचं.

चिगरमुळे होतो तो स्क्रब टायफस नावाचा ताप. २०१८ मध्ये नागपूरकडे त्याची मोठी साथ आली होती, हिमाचल-उत्तराखंडच्या ट्रेकला जातात त्यांनाही हा धोका. गवतावर नुसतं आडवं पडायचं नाही, मॅट टाकायची. कपडे झुडपांवर वाळत घालायचे नाहीत. यावर सिट्रोनेला वगैरे विसरून जा.

मोहोळ आणि काजवे

गडावरच्या कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर कुठलंही रिपेलंट लावून काही होत नाही, उलट परफ्यूम, कडक वासाची तेलं, खाली केलेला धूर यांनी माश्या उठतात. त्या दिवशी सिट्रोनेला पण नको. आवाज न करता, वास न करता तिथून सटकायचं. उठल्याच तर तोंड झाकून पळायचं, हात हलवायचे नाहीत.

मे अखेर ते जूनमध्ये काजवे बघायला भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीला गर्दी होते आणि प्रत्येकजण झाडाखाली उभा राहून फसाफस स्प्रे मारतो. अहो, काजवा पण किडाच आहे. बघायला आलो त्यालाच पळवायचं किंवा मारायचं का. तिथे जाताना क्रीम गाडीतच लावून घ्या, स्प्रे बॅगेत ठेवा, आणि फुल बाह्या घाला.

घरी आल्यावर

दारात बूट, कपडे थेट गरम पाण्यात, आंघोळीत साबणाने घासून अंग, आणि आरशासमोर पाठ. ट्रेकची तारीख आणि जागा फोनच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, डोकं फुटतंय असं वाटलं, किंवा अंगावर कुठे सिगरेटने चटका दिल्यासारखी काळी खपली दिसली, बऱ्याचदा ती आडजागी असते आणि दुखत नाही म्हणून बघितलीच जात नाही, तर डॉक्टरकडे जाताना पहिलं वाक्य हे बोला की मी अमक्या तारखेला अमक्या जंगलात होते आणि गवतात बसले होते. स्क्रब टायफसवर डॉक्सिसायक्लिन नावाचं साधं स्वस्त औषध आहे, वेळेत दिलं तर दोन दिवसांत ताप उतरतो, पण तुम्ही सांगितलंच नाही तर डॉक्टर आधी व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल देणार आणि चार दिवस तसेच जाणार.